घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी कोड स्कॅनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कुठला स्कॅनर घेऊ?' असं विचारणाऱ्या बहुतेकांना खरं तर 'माझ्या गाडीचं काय बिघडलंय?' हे विचारायचं असतं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलाच स्कॅनर देत नाही. तो गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून फक्त कुठे बघायचं ते सांगतो. हे एकदा पटलं की खरेदी सोपी होते आणि बरीच स्वस्तही.

चेक इंजिनचा दिवा लागलाय. आधी स्कॅनर घेऊ की आधी गॅरेज गाठू?

दिवा कसा लागलाय ते पाहा. स्थिर पेटला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाई नाही. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि ठिणगी देणाऱ्या एका कॉइलच्या कामात कन्व्हर्टरचाही बळी जातो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जमेल तिथे गाडी बाजूला घ्या. स्कॅनरचं नंतर बघू.

तेलाच्या दाबाचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा वेगळा. तो लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

माझ्या गाडीला स्कॅनर चालेल का?

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वर हात घालून चाचपा. १६ पिनांचं, वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद असं सॉकेट लागेल. काही गाड्यांत ते फ्यूजच्या झाकणामागे असतं, काहींत मधल्या कन्सोलपाशी. हाच ओबीडी-२ पोर्ट, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची प्रमाणित जागा. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तो सक्तीचा झाला. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तसाच नियम लागला. बाकीच्या देशांत हा नियम पुढेमागे आला.

गोम अशी की सॉकेट आहे म्हणून गाडी ओबीडी-२ बोलतेच असं नाही. मधल्या काळातल्या काही गाड्यांत सॉकेट १६ पिनांचं, पण भाषा कंपनीची स्वतःची. बोनेटच्या आतल्या बाजूला प्रदूषणाच्या माहितीचं स्टिकर असतं. त्यावर ओबीडी-२ किंवा ईओबीडी (त्याचाच युरोपातला प्रकार) असं छापलेलं असेल तर निर्धास्त राहा.

ओबीडी-२ च्या भाषाही (प्रोटोकॉल) पाच प्रकारच्या आहेत. त्यातली कॅन ही भाषा अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत बहुधा तीच असते. गाडी त्याआधीची असेल तर स्कॅनर पाचही प्रोटोकॉल वाचतो ना, एवढं खोक्यावर तपासून घ्या.

पी०३०१ असले कोड वाचायचे कसे?

पहिलं अक्षर म्हणजे विभाग. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनची बाजू, यू म्हणजे कॉम्प्युटरांचा आपसातला संवाद. पुढचा आकडा ० असेल तर तो सगळ्या गाड्यांना लागू असलेला कोड, १ असेल तर कंपनीचा खास. हा फरक खरेदीच्या वेळी महत्त्वाचा, कारण स्वस्तातले स्कॅनर कंपनीच्या खास कोडचा नुसता नंबर दाखवतात, अर्थ सांगत नाहीत. त्यानंतरचा आकडा उपविभागाचा: १ आणि २ इंधन-हवेचे, ३ इग्निशनचा, ४ प्रदूषण नियंत्रणाचा, ७ गिअरबॉक्सचा. म्हणजे पी०३०१ हा पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. पी०३०० आला तर मिसफायर आहे, पण कुठल्या एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही.

कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आलं तो बदलला की काम झालं, असंच ना?

नाही! हे पान लिहायला घेतलं ते या एका प्रश्नासाठी.

माझीच फजिती सांगतो. पी०१७१ आला. अर्थ असा की मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तक्रार एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून आली, म्हणजे तोच गेला असणार, असं मनाशी ठरवून मी नवा सेन्सर घेऊन आलो. जुना गंजून असा बसला होता की सोडवताना बोटांची सालं निघाली. नवा लावला, कोड पुसला, ऐटीत फिरलो. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

मग कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनच्या सेन्सरचे आकडे, उघडला. त्यात फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो. गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते तो सांगतो. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. माझी आयडलिंगला अधिक २२ होती. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन २५०० आरपीएमवर धरलं, तर ती अधिक ५ वर उतरली.

निम्मं निदान इथेच झालं. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा ओढतं, त्यामुळे कुठून चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की हवेचा लोंढाच एवढा होतो की तीच चोरी किरकोळ वाटते. म्हणजे कुठेतरी गळती. उलट झालं असतं, लोड वाढवल्यावर ट्रिम चढली असती, तर मी पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर आणि हवा मोजणारा मॅफ सेन्सर यांच्या मागे लागलो असतो.

गळती सापडली इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, पीसीव्हीच्या (इंजिनातल्या वाफा इनटेककडे परत नेणाऱ्या) रबरी होसमध्ये. वरून अगदी धडधाकट. वाकणावर अंगठ्याने दाबला तेव्हा करंगळीच्या नखाएवढी चीर तोंड उघडून दिसली. होस सेन्सरच्या मानाने कवडीमोल. जुना सेन्सर अजून माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे, चांगला चालू स्थितीत. बिचारा खरं बोलत होता.

म्हणजे कोड आल्यावर आधी काय करायचं?

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम उघडा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन गार की गरम, ट्रिम किती, ते सगळं त्यात गोठवून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तेही पुसलं जातं. 'गाडी मधूनच अडखळते' या तक्रारीचं 'गार इंजिन, ९०० आरपीएम, गाडी उभी' असं रूप झालं की शोध निम्म्यावर येतो.

मग फुकटच्या परीक्षा घ्या. पी०३०१ असेल आणि तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि पहिली कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर, तिसरी पहिल्यावर लावा. कोड पुसून चालवून बघा. आता पी०३०३ आला तर कॉइलनेच कबुली दिली. पी०३०१ जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन तपासा. कॉइलच्या अदलाबदलीचा खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

बरं, मग घेताना कुठल्या सोयी पाहू?

लाइव्ह डेटा हवाच, आणि तोही आलेखासकट. ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली होतंय की एका जागी अडकलंय, हे नुसत्या बदलत्या आकड्यांवरून डोळ्यांना कळत नाही. रेषेवर झटकन कळतं. फ्रीझ फ्रेमचं वर सांगितलंच. पेंडिंग कोड, म्हणजे अजून दिवा लागण्याइतके पक्के न झालेले, आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या की नाही ते दाखवणारे, हेही दिसायला हवेत. मोड ६ असेल तर दुधात साखर. दिवा लागण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या चाचण्यांचे कच्चे आकडे तिथे दिसतात.

फक्त 'कोड वाचा, कोड पुसा' एवढंच करणारं यंत्र मी कुणालाही सुचवणार नाही. ते लोकांना विनाकारण पार्ट बदलायला लावतं. 'हजारो गाड्यांना चालतो' या मजकुराकडेही दुर्लक्ष करा. ओबीडी-२ चे सामान्य कोड वाचणारा कुठलाही स्कॅनर हा दावा करू शकतो.

हातातला स्कॅनर बरा की मोबाइलला जोडायचा डोंगल?

कोड बघायचा, पुसायचा आणि कधीमधी शेजाऱ्याच्या गाडीला लावायचा असेल तर वायरचा, हातात धरायचा स्कॅनर. त्याला चार्जिंग लागत नाही, वीज पोर्टमधूनच मिळते. तेलकट हातांनी बटणं दाबता येतात, पेअरिंगची कटकट नाही. आलेख, नोंदी, प्रवासभराचा डेटा साठवणं यांत पोर्टमध्ये खोचायचा डोंगल आणि मोबाइलवरचं चांगलं ॲप सरस, कारण मोबाइलचा पडदा मोठा आणि प्रोसेसर तगडा.

मी दोन्ही बाळगतो. दिवा लागला की आधी हात वायरच्या स्कॅनरकडे जातो.

ईएलएम३२७ लिहिलेले डोंगल एवढे स्वस्त कसे? घ्यावेत का?

ईएलएम३२७ ही मुळात ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीची चिप. पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, तिच्या नकला निघाल्या, आणि आज बाजारात या नावाने जे मिळतं ते बहुतेक त्या नकलांच्या वंशातलं. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. गमतीची गोष्ट म्हणजे 'आवृत्ती १.५' म्हणून अस्सल असल्याच्या थाटात जे विकलं जातं, ती आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती.

नकली म्हणून सगळे टाकाऊ नाहीत. कॅनवाल्या गाडीचे साधे कोड बरेचसे वाचतात. पण जुन्या प्रोटोकॉलवर अडखळतात, काही आज्ञा समजल्यासारखं करून सोडून देतात, लाइव्ह डेटाला फारच संथ सरकतात. एक आकडा बघायचा तर चालतं. चार आलेख एकत्र बघायचे तर डोकं फिरतं. एसटीएन चिपवर चालणारे डोंगल महाग पडतात, पण ते वेगवान असतात आणि तक्रारी कमी.

आयफोनला कुठलाही ब्लूटूथ डोंगल चालतो का?

नाही. जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल आयफोनच्या ॲपशी सहसा बोलत नाही. ब्लूटूथ एलई किंवा वायफाय असं स्पष्ट लिहिलेलं हवं. वायफायवाल्यात फोन डोंगलच्या नेटवर्कवर जातो, त्यामुळे कोडचा अर्थ तिथल्या तिथे इंटरनेटवर शोधताना अडचण येते.

एबीएस आणि एअरबॅगचे दिवेही वाचता येतील?

साध्या ओबीडी-२ स्कॅनरने सहसा नाही. कायद्याने सक्ती आहे ती प्रदूषणाशी संबंधित कोडची, एबीएस आणि एअरबॅग कंपनीच्या मर्जीवर. त्यासाठी 'सर्व सिस्टिम' वाचणारा स्कॅनर लागतो, आणि त्यातही तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष यादीत आहे का ते बनवणाऱ्याच्या साइटवर शोधावं लागतं. कंपनीचं नाव यादीत असणं पुरेसं नाही.

एअरबॅगचा कोड घरी वाचा खुशाल, दुरुस्तीला हात लावू नका.

बायडायरेक्शनल म्हणजे काय? त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

साधा स्कॅनर ऐकतो, हा हुकूमही देतो. रेडिएटरचा पंखा चालू कर, पेट्रोल पंप फिरव, अमुक इंजेक्टर बंद ठेव. पंखा फिरत नसेल तर मोटर गेली की तिला हुकूमच पोचत नाही, हे बसल्या जागी कळतं.

वसूल होतात की नाही हे तुम्ही कुठली कामं घरी करता त्यावर आहे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर बऱ्याच गाड्यांत आधी मोटरला सर्व्हिस मोडमध्ये मागे न्यावं लागतं. कॅलिपर जोर लावून दाबला तर मोटरचा निकाल लागतो. एबीएसच्या युनिटमध्ये शिरलेली हवा काढणं, थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर कॉम्प्युटरला तिचं माप पुन्हा शिकवणं (रीलर्न), डिझेलच्या डीपीएफ या काजळीच्या फिल्टरमधली काजळी जाळणं (रीजनरेशन), काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद करणं, ही कामं करणार असाल तर हा पैसा सार्थकी लागतो. नुसतं तेल-फिल्टर-प्लग करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

एकाच कंपनीच्या गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर मिळतं, ते कसं?

घरात एकाच घराण्याच्या गाड्या असतील तर माझं मत डोळे झाकून त्याच बाजूला. फोर्ड आणि माझ्दासाठी फोरस्कॅन, फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडासाठी व्हीसीडीएस. त्या त्या गाड्यांत ही सॉफ्टवेअर इतक्या खोल जातात की सर्वांसाठी बनवलेल्या महाग टॅबलेटलाही ते जमेल असं नाही. फोरस्कॅनसाठी काही जुन्या फोर्डना दोन कॅन लाइनींमध्ये इकडून तिकडे स्विच करता येणारा डोंगल लागतो, तेवढं बघून घ्या. आणि 'कोडिंग'च्या पानावर उगाच बोटं चालवू नका. आधी काय होतं ते लिहून न ठेवता बदललेला आकडा परत आठवत नाही.

नव्या गाड्यांना वेगळं काही लागतं?

लागू शकतं. फियाट-क्रायस्लरने २०१८ च्या सुमारास गाड्यांत सिक्युरिटी गेटवे बसवायला सुरुवात केली. तो कोड वाचू देतो, पण पुसणं किंवा हुकूम देणं नोंदणीकृत परवानगीशिवाय होत नाही. इतर कंपन्याही याच वाटेवर आहेत. शिवाय काही नव्या गाड्या कॅन एफडी किंवा डीओआयपी या नव्या भाषा बोलतात. गाडी मागच्या चार-पाच वर्षांतली असेल तर हे दोन शब्द स्कॅनरच्या माहितीत शोधा.

विजेवरच्या गाड्यांना पोर्ट असला तरी सामान्य ओबीडी-२ स्कॅनरच्या हाती फारसं काही लागत नाही. तिथे त्या गाडीसाठीच बनवलेलं ॲप हवं.

कोड पुसून प्रदूषणाच्या तपासणीला जाता येईल का?

जिथे तपासणीत ओबीडी वाचतात तिथे पकडले जाल. कोड पुसला की रेडिनेस मॉनिटर सगळे 'अपूर्ण' होतात. गाडी गार-गरम, शहरात-हायवेवर चालवून ते एकेक पूर्ण व्हायला कधी कधी आठवडा जातो. टाकीच्या वाफांच्या चाचणीला तर टाकी ना काठोकाठ भरलेली, ना रिकामी अशी लागते. २०१० च्या आसपासपासून पर्मनंट कोडही आले. ते स्कॅनरने पुसले जातच नाहीत. बिघाड गेल्याची गाडीची स्वतःची खात्री पटली की ती स्वतःच पुसते.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना स्कॅनर नेऊ?

जरूर न्या. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस बघा. तीन-चार मॉनिटर अपूर्ण असतील तर अलीकडेच कुणीतरी कोड पुसलेत, किंवा बॅटरी काढली होती. लाइव्ह डेटाच्या यादीत खाली 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' असा आकडा बऱ्याच गाड्या देतात. तो १२ किलोमीटर दिसला आणि मालक म्हणतो 'दोन वर्षांत हात लावायची वेळ आली नाही', तर चहा पिऊन निघा.

अपडेटचे पैसे दरवर्षी भरावे लागतात का?

टॅबलेटसारख्या स्कॅनरना बहुधा एक-दोन वर्षं अपडेट फुकट असतात, मग वर्गणी. विचारायचा खरा प्रश्न हा की वर्गणी संपल्यावर जुन्या सोयी चालू राहतात की यंत्रच कुलूपबंद होतं. तुमची गाडी जुनी असेल तर अपडेट न घेता वर्षानुवर्षं निभतं.

डोंगल पोर्टमध्ये कायम लावून ठेवला तर?

बऱ्याच पोर्टना किल्ली बंद असतानाही वीज असते. डोंगल ४० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास. तीन आठवडे गाडी उभी राहिली तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास निम्मी रिकामी, आणि ती जुनी असेल तर सकाळी नुसतं टकटक ऐकू येईल. शिवाय १२३४ पासवर्डचा ब्लूटूथ डोंगल उघडा ठेवणं म्हणजे घराच्या कुलपातच किल्ली सोडून जाण्यासारखं. आपोआप झोपी जाणारे डोंगल मिळतात. नसेल तर काम झालं की काढा.

स्कॅनर जोडला, पण 'लिंक एरर' येतोय. यंत्र खराब निघालं का?

आधी किल्ली ऑनला आहे ना ते बघा. स्कॅनरचा पडदा उजळतच नसेल तर पोर्टला वीज नाही. मल्टिमीटर असेल तर पिन ४ आणि १६ मध्ये १२ व्होल्ट दिसायला हवेत. नसतील तर फ्यूज बॉक्स उघडा. बऱ्याच गाड्यांत ओबीडी पोर्ट आणि चार्जरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप त्या सॉकेटला लावला तेव्हाच तो फ्यूज उडालेला असतो.